बिलंदरांचा कथाकार : बाबू देवकीनंदन खत्री

क्रमिक पुस्तकाखाली कादंबरी लपवून वाचणारी मुले आपण सर्वांनीच पाहिली आहेत. किंबहुना आपल्यापैकी पुष्कळजण त्यांतलेच. आमच्या घरी मात्र प्रकार उलटा आहे. आमच्या घरी पुस्तक लपवितात ते माझे वडील, आणि लपवितात ते माझ्यापासून.

वडिलांचे बसस्थानकासमोर घड्याळदुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. शिक्षण दहावीपर्यंत. गिऱ्हाईक नसले, की डोळ्याचे भिंग बाजूला ठेवून ते खणातून एक जाडजूड, पाठीचा पुठ्ठा सुटलेले हिंदी पुस्तक काढतात आणि वाचीत बसतात. मी प्रथम वर्षाला असताना एकदा जेवताना त्यांनी त्या पुस्तकातल्या भूतनाथ नावाच्या एका पात्राची गोष्ट मोठ्या रंगात येऊन सांगायला सुरुवात केली. मी तेव्हा नुकतीच साहित्याची विद्यार्थिनी झाले होते. वास्तववाद, कलामूल्य, जीवनदर्शन असले शब्द ताजे ताजे पाठ झाले होते. मी त्यांना मध्येच थांबवून सांगितले, की असल्या चोर-भामट्यांच्या नि जादूच्या गोष्टींना साहित्य म्हणत नाहीत, ते नुसते मनोरंजन असते. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी पानातला भात संपविला आणि उठले. त्यानंतर मी डबा घेऊन दुकानात गेले, की ते पुस्तक वर्तमानपत्राखाली सरकविलेले मला दिसू लागले.

यंदा हिंदीच्या तासाला सरांनी एकोणिसाव्या शतकातील लेखकांची एक यादी फळ्यावर लिहिली आणि प्रत्येकाने एकाचे चरित्र अभ्यासून यावे असे सांगितले. त्या यादीतले एक नाव मी वडिलांच्या पुस्तकावर पाहिले होते. ते नाव बाबू देवकीनंदन खत्री. थोडे कुतूहल आणि बरीचशी टोचणी यांपोटी मी ते निवडले. वर्गात दोघातिघांनी हसून पाहिले. पुढचे चार महिने मी या माणसाच्या आणि त्याच्या वाचकांच्या मागे होते. जे हाती लागले, ते या लेखात मांडीत आहे.

देवकीनंदनांचा जन्म 1861 सालचा. मराठीच्या विद्यार्थ्यांना हे साल पाठ असते ते निराळ्या कारणाने : त्याच वर्षी लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ प्रसिद्ध झाली आणि आपल्याकडे अद्भुतरम्य कादंबरीचे युग सुरू झाले. हा निव्वळ योगायोग आहे हे मला कळते. पण पुढे त्याचा उपयोग होणार आहे, म्हणून येथे नोंदवून ठेवते.

खत्री घराणे मूळचे पंजाबातले, मुलतानकडचे. महाराजा रणजितसिंहांच्या मृत्यूनंतर तिकडे जी बेबंदशाही माजली, तिला कंटाळून वडील लाला ईश्वरदास काशीस येऊन राहिले. देवकीनंदनांचे आजोळ बिहारात, मुझफ्फरपूरजवळच्या पूसा या गावी होते. तेथेच त्यांचा जन्म झाला आणि बालपणही बरेचसे तेथेच गेले. पहिले शिक्षण झाले ते उर्दू-फारसीचे. त्या काळी त्या प्रांतातल्या खात्यापित्या घरांत तोच रिवाज होता, कारण कचेरीची भाषा उर्दू आणि लिपी फारसी. नागरी अक्षरे, संस्कृत आणि इंग्रजी हे सारे त्यांच्या वाट्याला नंतर, काशीत आले. ज्या माणसापायी पुढे असंख्य लोक नागरी लिपी शिकले, त्याची स्वतःची पहिली लिपी ती नव्हती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

तरुणपणी त्यांनी गयेजवळच्या टिकारी संस्थानात व्यापार थाटला. पुढे त्या संस्थानाचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला, तेव्हा तेथला जम मोडून ते काशीस परतले. काशीनरेशांच्या दरबारी त्यांची ओळख होती. त्या बळावर त्यांना चकिया आणि नौगढ येथल्या जंगलांचा ठेका मिळाला. काशीच्या दक्षिणेला विंध्याचे डोंगर लागतात, तिकडचा हा मुलूख. दाट झाडी, धबधबे, दऱ्या, गुहा आणि जागोजाग पडके वाडे नि किल्ले. गंगेकाठचा चुनारचा किल्ला त्याच बाजूचा आणि विजयगढचाही. लाकूडफाट्याच्या हिशेबासाठी हिंडणारा हा ठेकेदार त्या ओसाड भिंतींत रमू लागला. कोणत्या भुयाराचे तोंड कोठे निघत असेल, या बुरुजात काय दडविले असेल, असले विचार त्याच्या डोक्यात घोळू लागले. काही वर्षांनी ठेका सुटला. हाताला काम उरले नाही. डोक्यात जंगल मात्र तसेच राहिले. त्या जंगलातून ‘चंद्रकांता’ निघाली. 1888 साली ती प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा लेखक सत्तावीस वर्षांचा होता.

कथानक सांगायचे तर दोन ओळींत संपते. नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचे एकमेकांवर प्रेम आहे. विजयगढच्या दिवाणाचा मुलगा क्रूरसिंह याला राजकन्या आणि गादी दोन्ही हवी आहेत. आपले जमत नाही असे दिसताच तो चुनारच्या राजा शिवदत्ताला चिथावतो. पण पुस्तक वाचताना राजपुत्राकडे आपले फारसे लक्षच जात नाही. तो बहुतेक वेळ उसासे टाकीत असतो. सारी गोष्ट चालवितात ते ऐयार.

ऐयार म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. शब्द अरबी-फारसीतून आलेला. मध्ययुगात इराण-इराकच्या शहरांत ऐयारांच्या टोळ्या असत. कोणी त्यांना लुटारू म्हणत, कोणी गरिबांचे पाठीराखे. नवव्या शतकात सीस्तानात राज्य स्थापणारा याकूब हा तांबटाचा धंदा सोडून अशाच टोळीत शिरलेला माणूस. पुढे दास्तानांत, म्हणजे फारसी-उर्दूतल्या लांबलचक अद्भुतकथांत, हा ऐयार नायकाचा जिवलग बनून आला. अमीर हमजाच्या दास्तानातला अमर ऐयार, आपल्या पोतडीत सारे जग कोंबणारा तो लोभी, खट्याळ चोर, सर्वांच्या ओळखीचा होता. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने 1883 पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे एकेक खंड छापायला सुरुवात केली, तेव्हा उर्दू वाचणाऱ्यांना या बिलंदराचे वेडच लागले. आपल्यालाही तो परका नाही. ‘मृच्छकटिका’तला शर्विलक आठवावा. भिंतीला भोक पाडायचे तर तेही सुबक असावे असा त्याचा आग्रह, आणि मोजायला दोरी नाही म्हणून हा ब्राह्मण चोर जानवे वापरतो.

देवकीनंदनांनी हा चोर उचलला आणि त्याला विंध्याच्या जंगलात आणून सोडले. त्यांचे ऐयार राजदरबारी नोकरीस असतात. तेजसिंह, देवीसिंह, पंडित बद्रीनाथ ही त्यांतली नावे. बायकाही मागे नाहीत. चंद्रकांतेची सखी चपला ही पुरुषांच्या तोडीस तोड ऐयारा आहे. कमरेला खंजीर, भिंत चढायला कमंद आणि खांद्याला बटवा. त्या बटव्यात रंगरोगण, खोट्या दाढीमिशा, बेशुद्धीची पूड आणि शुद्धीवर आणायला लखलखा. ते वेश पालटतात, आवाज बदलतात, शत्रूला बेशुद्ध करून गाठोड्यात बांधून पाठीवर घेऊन पळतात. आणि तरीही त्यांना एक रीत पाळावी लागते. पकडलेल्या ऐयाराला ठार मारायचे नाही, कैदेत ठेवायचे. देवकीनंदनांनी प्रस्तावनेतच सांगून टाकले आहे, की अशा लोकांच्या चातुर्यामुळे राजांची भांडणे फौजा न कापता मिटत असत. असली पुस्तके वाचणारा माणूस सहजासहजी कोणाच्या फसवणुकीस बळी पडणार नाही, असाही एक फायदा त्यांनी तेथे नमूद केला आहे. लुच्च्यांच्या गोष्टी वाचून वाचक लुच्चा होईल, ही नेहमीची भीती. लेखकाचा हिशेब नेमका उलटा होता.

दास्तानांहून त्यांनी आणखी एक फरक केला. दास्तानांतला तिलिस्म म्हणजे जादूगारांनी मंत्राने उभारलेली मायावी सृष्टी. देवकीनंदनांचा तिलिस्म हा पूर्वजांनी खजिना राखण्यासाठी बांधलेला एक प्रचंड वाडा असतो, आणि तो कळसूत्रांवर चालतो. दगडी पुतळा हात उचलतो तो खालच्या यंत्रामुळे. फरशी सरकते ती खटका दाबल्यामुळे. घड्याळे उघडून बसणाऱ्या माझ्या वडिलांना हे पुस्तक का धरून ठेवते, याचा उलगडा मला येथे झाला.

आता वाचकांकडे वळते, कारण या चरित्राचे मर्म तेथे आहे. ‘चंद्रकांता’ हाती आली तेव्हा काय घडले, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. त्या प्रांतात शिकलेला माणूस बहुधा उर्दू शिकलेला असे. गोष्टींची आवड असणारे उर्दू दास्ताने वाचीत. हिंदीत लेखक होते, भारतेंदु हरिश्चंद्र नुकतेच 1885 साली निवर्तले होते. पण विकत घेऊन वाचणारा वर्ग अगदी तुटपुंजा होता. अशा वेळी कानावर येऊ लागले, की काशीत एक पुस्तक निघाले आहे, त्यात ऐयार आहेत, तिलिस्म आहे, आणि ते नागरीत आहे. भाषा पाहावी तर घरात, बाजारात बोलतात तीच, साधी हिंदुस्तानी. कोणी वाचून दाखविली तर सगळी समजते. अडते ते फक्त अक्षरांपाशी. अक्षरे शिकायला फार दिवस लागत नाहीत. तेजसिंह गाठोडे घेऊन पळाला, पुढे त्याचे काय झाले, हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची वाट पाहण्यापेक्षा लोकांनी अक्षरे गिरविली.

आपल्या मराठी माणसाला यातले नवल चटकन उमगत नाही. आपली लिपी नागरीच; हिंदी पुस्तक उघडले की आपण वाचूच लागतो. त्या वाचकांनी मात्र केवळ एका गोष्टीसाठी, कोणी परीक्षा घेणार नसताना, नोकरी मिळणार नसताना नवी लिपी आत्मसात केली. नागरीच्या प्रसारासाठी काशीतच 1893 साली नागरी प्रचारिणी सभा स्थापन झाली, अर्ज-विनंत्या झाल्या, आणि 1900 साली सरकारने कचेऱ्यांत नागरीला परवानगी दिली. त्या कार्याचे मोल मोठेच आहे. पण सभेच्या ठरावाने लिपी शिकलेला माणूस आणि चपलेची काळजी वाटून लिपी शिकलेला माणूस यांत दुसरा अधिक निष्ठेचा वाचक असावा, असे मला वाटते.

वाचकांची भूक पाहून देवकीनंदनांनी पुढचे लिखाण हाती घेतले. चंद्रकांतेच्या मुलांची कथा म्हणून ‘चंद्रकांता संतति’ 1894 च्या सुमारास सुरू झाली आणि 1905 पर्यंत तिचे चोवीस भाग झाले. 1898 साली त्यांनी काशीत स्वतःचा छापखाना काढला. त्याचे नाव लहरी प्रेस. जंगलाचा ठेकेदार आता लेखक, मुद्रक आणि प्रकाशक असा तिन्ही झाला होता. 1900 साली त्यांनी ‘सुदर्शन’ हे मासिक काढले, त्याचे संपादन माधवप्रसाद मिश्र यांनी केले. मधून ‘नरेंद्रमोहिनी’, ‘कुसुमकुमारी’, ‘काजर की कोठरी’ अशा इतर कादंबऱ्याही झाल्या. दरबाराचा आश्रय न घेता लेखक वाचकाच्या पैशावर उभा राहतो, ही गोष्ट हिंदीत तेव्हा नवीच होती.

परंतु सगळेच वाचक खूश नव्हते. हे सारे शक्य तरी आहे काय, असा वाद निघाला. जाणत्या लोकांनी नाके मुरडली. मित्रांनीही तक्रार केली, की एवढे वाचक लाभले आहेत तर देशहिताचे, धर्माचे काही लिहावे, म्हणजे समाजाचे भले होईल. ‘संतति’ संपविताना देवकीनंदनांनी या सर्वांना उत्तर दिले आहे. ते वाचल्यावर हा माणूस मला एकदम जवळचा वाटला, कारण त्यात राग नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की काय शक्य आणि काय अशक्य हे काळावर अवलंबून असते. आगगाडी आणि तारायंत्र पूर्वी कोणी खरे मानले असते? शिवाय या गोष्टी खऱ्याखोट्याची परीक्षा करण्यासाठी लिहिलेल्याच नाहीत, वाचकाचे कुतूहल वाढावे म्हणून लिहिल्या आहेत. देशहिताच्या पुस्तकाचा आग्रह त्यांना मान्य होता. पण कोणाला ठाऊक नसलेल्या लेखकाचे तसे पुस्तक उघडले तरी कोणी असते, असा त्यांचा प्रश्न होता. आपण सुरुवात केली तेव्हा हिंदीला चांगले लेखक होते पण गिऱ्हाईक नव्हते, आणि आता गिऱ्हाईक आहे तर तसे लेखक नाहीत, अशी खंतही ते बोलून दाखवितात. भाषेबद्दलचा त्यांचा खुलासा तर शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. त्यांनी आरंभी अगदी सोपी भाषा घेतली आणि भागामागून भाग ती थोडी थोडी वाढवीत नेली; मूल मोठे होताना जसे रोजच्या रोज दिसत नाही, तशी. वाचकाला न कळत ते त्याला वरच्या इयत्तेत नेत होते.

वाचकांचा खरा कौल मात्र ‘संतति’तल्या एका पात्राने घेतला. ते म्हणजे भूतनाथ, वडिलांनी त्या रात्री ज्याची गोष्ट सुरू केली होती तो. याचे खरे नाव गदाधरसिंह. ऐयारीत त्याचा हात धरणारा कोणी नाही. पण त्याच्या मागे जुनी पापे आहेत, आणि ती सिद्ध करणारे कागद दुसऱ्यांच्या हातांत आहेत. तो चांगला वागू पाहतो, आणि प्रत्येक वेळी मागचे काहीतरी पुढे येऊन उभे राहते. चोवीस भाग संपले तरी वाचकांचे समाधान झाले नाही, ते या माणसामुळे. त्याने नेमके केले तरी काय होते? तेव्हा भूतनाथाने स्वतः लिहिलेले चरित्र अशी कल्पना योजून देवकीनंदनांनी 1907 पासून ‘भूतनाथ’ लिहायला घेतले. सहा भाग झाले, आणि 1 ऑगस्ट 1913 रोजी वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. गोष्ट अर्धीच राहिली. उरलेले भाग पुढे त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद खत्री यांनी लिहून पुरे केले. बापाने आरंभलेल्या भामट्याच्या कथेचा शेवट मुलाने वाचकांना दिला, हे ऋण फेडणेच नव्हे काय?

वाङ्मयाच्या इतिहासाने त्यांना कोणती जागा दिली? आचार्य रामचंद्र शुक्ल यांचा 1929 चा हिंदी साहित्याचा इतिहास हा त्या विषयातला आधारग्रंथ. त्यात शुक्लजींनी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक, देवकीनंदनांइतके वाचक दुसऱ्या कोणा ग्रंथकाराने निर्माण केले नाहीत; त्यांच्यासाठी कित्येक उर्दू जाणणारे हिंदी शिकले, आणि पुढे त्यांतले काही लेखकही झाले. दुसरी, या कादंबऱ्यांत घटनांचीच रेलचेल असल्याने, रससंचार वा चरित्रचित्रण नसल्याने, त्या साहित्याच्या कोटीत येत नाहीत. म्हणजे वाचक घडविण्याचे श्रेय दिले आणि त्याच दमात उंबरठ्याबाहेरही ठेवले.

हे वाचताना मला एकदम आपल्या मराठीची आठवण झाली. ‘मुक्तामाला’, 1868 ची रिसबुडांची ‘मंजुघोषा’ यांनी आपल्याकडे कादंबरीचा वाचक तयार केला. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 1872 साली नावल व नाटक यांवरील निबंधात असल्या अद्भुत कथांवर टीका केली. 1890 पासून ‘करमणुकी’त ‘पण लक्षात कोण घेतो?’ येऊ लागली आणि हरिभाऊंनी वाचकांना यमूच्या दुःखापाशी नेऊन उभे केले. आपण उत्तरपत्रिकेत अद्भुतरम्य कादंबरीला चार ओळी देतो आणि हरिभाऊंकडे वळतो. योग्यच आहे. परंतु हरिभाऊंना कादंबरी हातात धरण्याची सवय असलेला जो वाचक मिळाला, तो ‘मंजुघोषे’च्या नायक-नायिकांसाठी रात्री जागलेला नसेल कशावरून? हिंदीतही पुढे प्रेमचंद आले. त्यांनी स्वतः लहानपणी ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ झपाटल्यासारखे वाचले होते आणि उर्दूत लेखनाला आरंभ केला होता. ते हिंदीकडे वळले, तेव्हा हिंदी कादंबरी घेऊन वाचणारे लोक तेथे होते. ते कोठून आले, हे आता सांगायला नको.

अर्थात मी काही वकीलपत्र घेतलेले नाही. पुस्तकात दोष आहेत. मी त्याचे काही भाग मधल्या सुट्टीत मैत्रिणींना वाचून दाखविले. बहुतेकींना चंद्रकांतेपेक्षा चपला आवडली. राजकन्या नुसती रडते, अशी त्यांची तक्रार. रोज पुढे काय म्हणून विचारणाऱ्याही त्याच. पण एकीने शांतपणे विचारले, की दुष्ट क्रूरसिंहाचे दोन हस्तक नाझिम आणि अहमद हेच का? तिचा प्रश्न रास्त होता. उर्दू दास्तानांतून सर्वस्व घेणाऱ्या लेखकाने हे करावे, याचे मला वाईट वाटले; त्यावर देण्यासारखे उत्तर माझ्यापाशी नव्हते आणि आजही नाही. लेखकाची बाजू घेणे म्हणजे त्याच्या चुका झाकणे नव्हे, एवढे मात्र मी त्या दिवशी शिकले.

लेख लिहून झाल्यावर मी तो कोणास दाखवावा असा प्रश्न पडला. सरांना दाखविण्यापूर्वी एका संध्याकाळी मी तो घेऊन दुकानात गेले. वडिलांनी हातातले घड्याळ बाजूला ठेवले आणि सगळा लेख सावकाश वाचला; आरंभीचा त्यांच्याविषयीचा मजकूरही. त्यावर ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले. मी लिहिले होते, की ऐयार लखलखा हुंगवून शत्रूला बेशुद्ध करतात. लखलख्याने माणूस शुद्धीवर येतो, बेशुद्ध होतो तो दुसऱ्या पुडीने, हे त्यांनी मला समजावून सांगितले, आणि खणातले पुस्तक काढून पानही दाखविले. मी चूक दुरुस्त केली. मग मी त्यांना हे पुस्तक कसे मिळाले ते विचारले. 1994 साली दूरदर्शनवर ‘चंद्रकांता’ मालिका लागली, तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. दर रविवारी शेजाऱ्यांच्या दारात उभे राहून पाहत. मूळ पुस्तक आहे असे कोणीतरी सांगितले, म्हणून पुढे पहिल्या कमाईतून भुसावळ स्टेशनवरच्या स्टॉलवर त्यांनी ते घेतले. पाहतात तो मालिका निराळी आणि पुस्तक निराळे. त्यांना पुस्तक जास्त आवडले. शाळा सुटल्यानंतर त्यांनी आपणहून वाचलेले ते पहिले पुस्तक. ही हकिगत वीस वर्षांत मला ठाऊक नव्हती, कारण मी कधी विचारलीच नव्हती.

असो. वाङ्मयाचा इतिहास आपण लेखकांच्या नावांनी लिहितो. वाचकांची नावे त्यात नसतात. बाबू देवकीनंदन खत्री यांच्या चरित्रातून मी एवढेच शिकले, की वाचक हा आपोआप उगवत नाही. कोणीतरी त्याला पहिल्यांदा बोट धरून आणावे लागते, आणि ते बोट पुष्कळदा एखाद्या बिलंदर चोराचे असते. या अंकाच्या वाचकांना माझी एक विनंती आहे. आपल्याही घरी कोणाच्या तरी खणात, उशीखाली, धान्याच्या डब्यामागे असे एखादे पुस्तक असेल. ते साहित्य आहे की नाही हे ठरवायला पुढे वेळ आहे. आधी त्यातली गोष्ट सांगायला सांगावी, आणि मध्ये थांबवू नये.